डिसेंबरच्या सकाळी इंजिनचा आवाज ऐकावा कसा

डिसेंबर उजाडला की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत कुणी ना कुणी मला लिफ्टपाशी गाठतंच. “अहो, सकाळी गाडी चालू केली की टकटक आवाज येतो हो. थंडीमुळे असेल का?” मी आधी एकच विचारतो: किती वेळ येतो? बहुतेकांना ते सांगता येत नाही. आवाज कसा आहे, किती मोठा आहे, कुठून येतोय असं वाटतं, हे सगळे भरभरून सांगतात. पण तो कधी सुरू झाला आणि कधी थांबला हे कुणी पाहिलेलं नसतं. थंडीतल्या आवाजाचं निम्म्याहून जास्त निदान तर तिथेच असतं. म्हणून पुढे जे सांगतोय त्यात सगळ्यात महत्त्वाचं अवजार आहे मनगटावरचं घड्याळ. पाना-पकड त्याच्यानंतर.

मुंबईच्या थंडीत होतं काय

मुंबईची थंडी इंजिन बिघडवण्याएवढी कडक नसते. सांताक्रूझचं किमान तापमान १५-१६ अंशांवर आलं की आपण कपाटातले स्वेटर बाहेर काढतो. तिथल्या नोंदीतला नीचांक आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. इथे पाणी गोठत नाही आणि टाकीतलं डिझेलही घट्ट होत नाही. बर्फाच्या देशांतल्या लोकांनी दिलेले सल्ले वाचून घाबरण्याचं म्हणूनच काही कारण नाही.

मग आवाज याच दिवसांत का ऐकू येतात? एक तर रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि ते घट्टही झालेलं असतं. इंजिन ऑइल १०० अंशांना जितकं पातळ असतं त्याच्या पाच-सहापट घट्ट ते ४० अंशांना असतं, आणि पहाटेच्या १६ अंशांना त्याहून कितीतरी जास्त. ते पंपाने उचलून वर टॅपेटपर्यंत, म्हणजे व्हॉल्व (सिलिंडरच्या झडपा) उघडणाऱ्या भागांपर्यंत, पोचायला थोडा वेळ लागतो. दुसरं, थंड धातू आकसलेला असतो. पिस्टन आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांच्यामधली, सायलेन्सरच्या जोडांमधली फट गरम इंजिनपेक्षा मोठी असते.

पण माझ्या अनुभवात डिसेंबरमध्ये ऐकू येणारे पुष्कळ आवाज त्याच वर्षीच्या जून-जुलैत जन्माला आलेले असतात. पावसात गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यातून काढली, बेल्टच्या पुलीच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलं, आतलं ग्रीस धुऊन गेलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या क्लिपा गंजल्या. बॅटरीचा जीव तर एप्रिल-मेच्या उकाड्याने आधीच घेतलेला असतो, थंडीत ते फक्त उघडकीला येतं. आणि एक साधी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही: मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आपण काचा बंद करून, एसी लावून गाडी चालवतो. वर्षात पहिल्यांदा काचा खाली येतात त्या डिसेंबरच्या सकाळी. मग चार महिने चाललेला आवाज “आजच सुरू झाला” असं वाटतं.

आदल्या रात्री

खरा थंड आवाज ऐकायचा तर इंजिन सहा-आठ तास बंद हवं. दुपारी ऑफिसातून निघताना घेतलेली चाचणी धरू नका, तेवढ्यात इंजिन पुरतं निवत नाही.

गाडी सपाट जागी लावा. आमच्याकडे पोडियमच्या रॅम्पवर गाड्या लागतात. तिथे पट्टी काढून ऑइल मोजलं तर आकडा खोटा येतो, नाक वर असेल तर एक आणि खाली असेल तर दुसराच. सपाट जागी, सकाळी गाडी चालू करण्याआधी पट्टी काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग बाहेर काढून वाचा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असेल तर ठीक. खालच्या खुणेच्या जवळ असेल तर आवाजाचा शोध तिथेच थांबवा, आधी योग्य ग्रेडचं ऑइल भरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका. निम्म्या टकटकी इथेच संपतात. ऑइल का कमी झालं हा प्रश्न मात्र उरतो, तो विसरू नका.

ग्रेडचंही बघून घ्या. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते ऑइल थंडीत सहज वाहतं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० सांगितलं असताना कुणीतरी “आपल्याकडे गरमी असते, जाड घाला” म्हणून २०डब्ल्यू-४० भरलेलं असेल, तर सकाळचे पहिले काही सेकंद इंजिन कोरडं बडबडणारच. पुस्तकात जे लिहिलंय तेच भरा. इथे गॅरेजवाल्याच्या अंदाजापेक्षा गाडी बनवणाऱ्याचं म्हणणं ऐकावं असं माझं ठाम मत आहे.

चावी फिरवण्याआधी

बॉनेटवर हाताने दोन-तीन थापा मारा. गार रात्री मांजरं उबेसाठी इंजिनवर चढून बसतात, पिल्लं तर अगदी बेल्टच्या कडेला. थाप मारून अर्धा मिनिट थांबायचं. हे मी कधीच चुकवत नाही आणि तुम्हीही चुकवू नका.

मग बॉनेट उघडून टॉर्चने नजर फिरवा. मुंबईत उंदीर हा गाडीच्या आजारांतला मोठा भाग आहे. बॉनेटच्या आतल्या फोमचे कुरतडलेले तुकडे, लेंड्या, एअर फिल्टरच्या डब्यात जमवलेला कचरा, चावलेली वायर यांतलं काही दिसलं तर ते आधी निस्तरा. इंजिनच्या वायरीचं वेष्टन कुरतडलं असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, इंजिन थरथरतं, आणि आपण मात्र आवाज शोधत बसतो. वायपरखालच्या जाळीत सुकी पानं अडकली असतील तर तीही काढा. एसीच्या ब्लोअरमध्ये एक पान गेलं तरी आतून खरखर येते आणि ती इंजिनचीच वाटते. ब्लोअर बंद करून बघितलं की खुलासा होतो.

जमिनीवर गाडीखाली ओले डाग आहेत का तेही बघा. हिरवट किंवा लालसर, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारं कूलंट पुलींच्या बाजूला ठिबकलेलं दिसलं, तर पुढे येणारी गरगर बहुधा वॉटर पंपाची आहे.

घड्याळ लावून ऐकणं

आता मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. मोबाइल डॅशबोर्डवर ठेवू नका, बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी पुढे उभं करा आणि त्याच्या हातात द्या. एसी, ब्लोअर, रेडिओ, दिवे बंद. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी इंजिनपासून लांब. पुढचा इलेक्ट्रिक पंखा आपोआपही सुरू होतो, तिथे बोट घालू नका. आणि सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये हे करू नका. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. गाडी मोकळ्यावर आणा, पण त्यासाठी ती आदल्या रात्रीच मोकळ्यावर लावलेली हवी. सकाळी हलवली की पहिले सेकंद वाया गेले.

चावी फिरवताना सेल्फचाच, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरचा, आवाज आधी ऐका. नुसती कटकटकटकट झाली आणि इंजिन फिरलं नाही तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरं-हिरवं खार जमलंय. एकच मोठा “कट” आणि पुढे शांतता, शिवाय दिवेही मंद झाले नाहीत, तर संशय सेल्फवर. मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे ती निम्मीच भरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती बॅटरी घेऊन घाटात जाऊ नका.

इंजिन चालू झालं. आता पहिले तीन सेकंद. या तीन सेकंदांत डॅशबोर्डवरचा ऑइलच्या डब्याचं चित्र असलेला लाल दिवा विझलाच पाहिजे. विझला नाही आणि आतून ठोकल्यासारखा आवाज येतोय, तर लगेच इंजिन बंद करा. “गरम झाल्यावर जाईल” म्हणून थांबलात तर दहा-वीस सेकंदांत बेअरिंग खरवडून निघतात.

दिवा विझला, पण सुरुवातीला साखळी डब्यात हलवल्यासारखा “खर्रर्र” आवाज येऊन दोन सेकंदांत गेला. ही टायमिंग चेन, व्हॉल्व वेळेवर उघडवणारी इंजिनच्या आतली साखळी. चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्री त्यातलं ऑइल गळून गेलं की दाब येईपर्यंत चेन सैल वाजते. सेकंदाच्या आत संपली, महिन्याभरात वाढली नाही, तर नोंद ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसला सांगा. तीन-चार सेकंद आणि रोज, तर टेन्शनर आणि चेन तपासून घ्या. इथे आधी एक स्वस्त संशयित मात्र तपासावा, तो म्हणजे ऑइल फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे वाहू न देणारी रबराची झडप असते. नकली किंवा जुन्या फिल्टरमध्ये ती कडक झालेली असते, आणि रात्रीत सगळं ऑइल खाली जातं. खात्रीच्या दुकानातून कंपनीचा फिल्टर घालून दोन-तीन सकाळी ऐकायला फार खर्च येत नाही.

तीन सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंतची हलकी, शिवणयंत्रासारखी टिकटिक वरून, टॅपेटच्या कव्हरमधून येते. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांत ऑइल भरेपर्यंत ती असते आणि मग जाते. तिला घाबरू नका. याच काळात इंजिन जरा जास्त वेगाने, १२०० ते १५०० आरपीएमवर चालतं. तो बिघाड नाही. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर गरम व्हावं म्हणून गाडीचा संगणकच तसं करतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत आरपीएम ८०० च्या आसपास उतरतं. सायलेन्सरच्या तोंडातून वाफ आणि पाण्याचे थेंब येतात, तेही साहजिकच.

खरं निदान पुढच्या पाच-दहा मिनिटांत होतं, आणि तिथेच लोक कंटाळून गाडी काढतात.

पाच-सात मिनिटांनी जाणारी टकटक

हा आवाज मला स्वतःला फार महागात पडता पडता राहिला, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो.

माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक जानेवारीत रोज सकाळी टक-टक-टक करायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टकटक जोरात आणि भरभर. सात-आठ मिनिटांनी, दहिसर नाका येईपर्यंत, नाहीशी. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. मी पोचेपर्यंत गाडी गरम, आवाज गुल, “सर, काही प्रॉब्लेम नाही.” दुसऱ्या ठिकाणी वर्णनावरूनच सांगितलं, पिस्टन वाजतोय, हाफ इंजिनचं काम (इंजिन खोलून पिस्टन-बोअरची दुरुस्ती) निघेल. आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

शेवटी गल्लीतल्या मेस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “साहेब, आज रात्री गाडी माझ्याकडे ठेवून जा. सकाळी साडेसहाला या. तुम्ही येईपर्यंत मी चावीला हात लावत नाही.”

सकाळी गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून ठेवलं होतं. हातात टॉर्च आणि हातभर लांबीची रबरी नळी. मी चावी फिरवली, टकटक सुरू झाली. त्यांनी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं सायलेन्सर जिथे इंजिनला जोडतो त्या मॅनिफोल्डच्या कडेने, न टेकवता, सावकाश फिरवलं. पहिल्या सिलिंडरपाशी काही नाही. दुसऱ्यापाशी नाही. तिसऱ्यावर हात थांबला. नळी माझ्याकडे दिली. “ऐका.” कानात अगदी कुणी फुंकर मारावी तसं फस्-फस्-फस्, टकटकीच्या तालावर. मग त्यांनी टॉर्च खाली धरली. गॅस्केटच्या कडेला, राखाडी लोखंडावर बोटभर लांब काळा काजळीचा फराटा होता, आणि त्याच्या वर जिथे नट असायला हवा तिथे स्टडचं तुटलेलं टोक. काम निघालं एक स्टड, एक गॅस्केट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी.

कारण साधं होतं. थंड असताना मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) यांच्यात केसाएवढी फट पडायची आणि प्रत्येक स्फोटाचा धूर तिथून फुटायचा. लोखंड तापून फुगलं की फट मिटायची. म्हणजे घड्याळ एकच, पण त्यावर बसणारे दोन आजार: मॅनिफोल्डची गळती आणि पिस्टन वाजणं, दोन्ही गरम झाल्यावर जातात. फरक असा ओळखा. गळतीचा आवाज तीक्ष्ण, “टक” किंवा “फट्” असा, इंजिनच्या एका अंगाने येतो. काजळी दिसते, कधी गाडीत धुराचा वास येतो. पिस्टनचा आवाज बोदा, लाकडावर मोगरी मारावी तसा “ठप-ठप”, आणि तो ब्लॉकच्या मधल्या भागातून येतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो, बोअर बहुधा बिडाचं. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने जास्त फुगतं म्हणून गरम झाल्यावर फट भरून निघते. जुन्या, लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत मिनिट-दोन मिनिटांची ही ठपठप असेल, ऑइल जळत नसेल, धूर निळा नसेल, तर हळू चालवत पुष्कळ वर्षं काढता येतात. मॅनिफोल्डची गळती मात्र टाळू नका. तो धूर बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीतून गाडीत शिरू शकतो, आणि मागच्या सीटवर आपली मुलं बसलेली असतात.

नवीन गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा निळा दिवा असतो, इंजिन थंड असताना पेटलेला. त्याचा खुणेसारखा उपयोग करा: आवाज निळा दिवा विझण्याआधी गेला की नंतर? पाणी आधी तापतं, ऑइल तापायला त्याहून बराच वेळ घेतं. हे वहीत लिहून ठेवा.

आवाज कुठून येतो हे शोधताना

वेळ कळली की जागा शोधायची. मेस्त्रींची जुनी पद्धत आजही उत्तम आहे: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवा आणि मुठीवर अंगठा ठेवून अंगठ्याला कान लावा. टॅपेटचं कव्हर, चेनचं कव्हर, अल्टरनेटरची बॉडी, वॉटर पंप, एकेक जागा. बिघडलेल्या बेअरिंगवर टेकवलं की खडी दळल्यासारखं कानात घुसतं, शेजारच्या चांगल्या बेअरिंगवर नुसती भिंगरी ऐकू येते. फरक इतका ठळक असतो की एकदा ऐकलं की विसरत नाही. फिरत्या बेल्टपासून वीतभर अंतर ठेवा, आणि धीर होत नसेल तर हे मेस्त्रींनाच करू द्या.

बेल्टची किंकाळी ओळखायला पाणी पुरतं. सकाळी चालू करताच “चीं” असा आवाज येतो, कारण सेल्फने खर्च केलेली बॅटरी भरायला अल्टरनेटर जोर लावतो आणि दवाने ओला बेल्ट घसरतो. पाच सेकंदांत गेला तर सोडून द्या. राहिला तर स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या आतल्या, रेघांच्या बाजूवर थोडं साधं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्टचा ताण कमी आहे. क्षणभर बंद होऊन पुन्हा आला तर पुली एका रेषेत नाहीत. पाण्याने काहीच बदललं नाही तर बेल्टला दोष देऊ नका, कुठलं तरी बेअरिंग आहे. बेल्टवर साबण, पावडर किंवा “ड्रेसिंग” मारून आवाज दाबणारे भेटतात. त्यांना नको म्हणा. आजच्या बेल्टचं रबर चिरत नाही, ते झिजतं, म्हणून भेगा नाहीत याचा अर्थ बेल्ट चांगला आहे असा होत नाही.

क्लच दाबून बघा. दाबल्यावर खरखर सुरू होते आणि सोडल्यावर जाते, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट, सोडल्यावर येते आणि दाबल्यावर जाते, तर गिअरबॉक्सच्या आतलं. एसी चालू-बंद करा. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर काँप्रेसर किंवा त्याची पुली. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत चाक पूर्ण वळवलं की कण्हल्यासारखा आवाज येतो. आधी स्टिअरिंगच्या तेलाची पातळी बघा.

ठराविक आरपीएमवरच, साधारण दीड-दोन हजारांवर, पत्र्याची झणझण येऊन पुढे जाते, ती बहुतेक सायलेन्सरवरची उष्णतारोधक पत्री. गंजलेल्या बोल्टभोवतीचा पत्रा खाल्लेला असतो. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना हाताने हलवून बघा. मोठा वॉशर किंवा रुंद क्लँप घातला की झालं.

डिझेल, सीएनजी

डिझेल इंजिन थंड असताना जास्त खडखडतं. डिझेल आत फवारल्यावर पेटायला थंडीत किंचित उशीर होतो आणि मग एकदम भडका होतो, त्याचा तो ठोका. म्हणून कॉइलचा पिवळा दिवा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. पाच-सात मिनिटांत खडखड उतरली नाही, सोबत पांढरा धूर आणि थरथर आहे, तर ग्लो प्लग तपासा. मोठ्या डिझेल गाड्यांत इंजिनवरच बसलेला पंखा असतो. त्याच्या क्लचमध्ये रात्रभरात तेल जमतं आणि सकाळी पहिलं मिनिट विमानासारखी घरघर येते. रेस देऊन ओसरली की ती विसरा.

सीएनजीवाल्यांनी एक उलटी गोष्ट नीट समजून घ्यावी. सीएनजीवर व्हॉल्व आणि त्याची बैठक जास्त झिजते. हाताने सेट करायचे टॅपेट असलेल्या इंजिनात व्हॉल्व बैठकीत रुतत जातो तशी टॅपेटची फट वाढत नाही, कमी होते. म्हणजे टकटक कमी होते, इंजिन आणखी शांत वाटतं, आणि मालक खूश असतो. पण फट संपली की गरम असताना व्हॉल्व पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळते. सकाळी गाडी थरथरत, मिसिंग करत चालू होते, पिकअप गेलाय आणि टॅपेटचा आवाज मात्र नाही, असं असेल तर लगेच फट मोजून घ्या. आवाज बंद होणं ही दरवेळी चांगली बातमी नसते. बाकी किटच्या इंजेक्टरची एकसारखी टिकटिक, आणि सकाळी पेट्रोलवर चालू होऊन थोड्या वेळाने गॅसवर जाताना होणारी “टक्” ही त्याची नेहमीची वागणूक.

जो आवाज गरम झाल्यावर वाढतो

सगळ्यात घातक हाच. सकाळी थोडा, आणि जसजसं इंजिन तापतं तसतसा जड, खोल “ठक्-ठक्” वाढत जातो. चढावर, लोड आला की जास्त. हे कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) किंवा क्रँकचं (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) बेअरिंग असू शकतं. ऑइल तापून पातळ होतं आणि झिजलेल्या बेअरिंगमधली फट झाकू शकत नाही. अशी गाडी “गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो” म्हणूनही चालवू नका. पूर्वद्रुतगती महामार्गावर असाल तरी कडेला घ्या, बंद करा आणि उचलून न्या. टोइंगचा खर्च रॉडने ब्लॉकला भोक पाडलं तर होणाऱ्या खर्चापुढे काहीच नाही.

मेस्त्रींकडे जाताना, घाटात जाताना

गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवा आणि चावीला चिठ्ठी बांधा: “सकाळी मी येईपर्यंत चालू करू नये.” सोबत तुमची नोंद द्या. माझी साधारण अशी असते: “रात्रभर उभी, सकाळी ६.४०. सुरू होताच टकटक. रेस दिल्यावर वाढते. निळा दिवा ४ मिनिटांनी गेला, आवाज ७ मिनिटांनी. क्लच, एसीने फरक नाही. ऑइल मध्यावर, तीन महिन्यांपूर्वी बदललं.” एवढं हातात आलं की चांगला मेस्त्री अर्धं काम झालं असं समजतो, आणि मोठं काम उगाच सुचवणाराही जरा विचार करतो. पार्ट बदलण्याआधी दोष डोळ्यांनी दाखवा म्हणा, आणि जुना पार्ट परत मागा.

मुंबईबाहेर गोष्ट बदलते. निफाडला किंवा महाबळेश्वरला पहाटेचं तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं, वेण्णा लेकच्या काठी कधीकधी दवाचे हिमकण होतात. मुंबईत कशीबशी चालणारी बॅटरी तिथल्या पहिल्याच सकाळी दगा देते. निघण्याआधी ती तपासा. रेडिएटरमध्ये “इथे कुठे बर्फ पडतो” म्हणून नुसतं नळाचं पाणी भरलेलं असेल तर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. गोठण्यापेक्षाही नुसत्या पाण्याने आतला गंज वाढतो आणि वॉटर पंपाचं सील जातं, त्याची गरगर मग कसारा किंवा पसरणी घाट चढताना ऐकू येते. रेडिएटरची टोपी गरम असताना उघडू नका.

तिथे सकाळी गाडी चालू केल्यावर दहा मिनिटं जागेवर रेस देत बसायचं नाही. वीस-तीस सेकंद थांबा, लाल दिवा गेल्याची खात्री करा आणि सावकाश निघा. पहिले पाच-सहा किलोमीटर आरपीएम अडीच हजारांच्या आत. काच थोडी खाली ठेवा, एसी आणि गाणी बंद, आणि बाजूला बसलेल्याला सांगा की आवाज थांबला त्या मिनिटाला घड्याळ बघ.